रिपोर्ट आल्यावर पुढे काय? स्त्रियांच्या आरोग्यासाठी निधी आणि जनजागृतीचं काम उभं करताना

तपासणी शिबिर घेणं फारसं अवघड नसतं. जागा मिळते, डॉक्टर येतात, रांग लागते, शंभर-दीडशे जणींची तपासणी होते आणि संध्याकाळी सगळे समाधानाने घरी जातात. आमच्या गटाचं पहिलं शिबिर असंच पार पडलं. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आले. काही जणींना पुढच्या तपासणीची गरज होती, आणि तेव्हा लक्षात आलं की त्यासाठी ना पैसे बाजूला ठेवले होते, ना कुठल्या रुग्णालयाशी बोलणं झालं होतं. एकीने विचारलं, "सोय नव्हती तर मला हे सांगितलंत कशाला?"

तिचं बरोबर होतं. त्यानंतर आम्ही कामाचा क्रम उलटा केला. जिच्या रिपोर्टमध्ये काही निघेल तिची सोय आधी, मग निधी, मग जनजागृती आणि सगळ्यात शेवटी शिबिराची तारीख. हा लेख त्या उलट्या क्रमाबद्दल आहे. महिला मंडळ, रहिवाशांचा गट, कामाच्या ठिकाणचे सहकारी, माजी विद्यार्थी, कुणीही हे काम हाती घेत असेल त्यांच्यासाठी.

पहिलं काम: पुढच्या उपचाराचा दरवाजा शोधा

उदाहरणार्थ, गर्भाशयमुखाच्या तपासणीत दोष निघाला तर साधारणपणे पुढची पायरी कॉल्पोस्कोपीची असते. म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीतून गर्भाशयाचं तोंड नीट पाहायचं आणि गरज वाटली तर छोटा तुकडा काढून बायोप्सीला पाठवायचा. कर्करोगाच्या आधीची अवस्था असेल तर तेवढा भाग उष्णतेने किंवा गोठवून नष्ट करता येतो, किंवा विजेच्या तारेच्या वेटोळ्याने काढता येतो. यातली बरीचशी कामं रुग्णालयात भरती न होता होतात. तेव्हा आधी एवढंच शोधा: आपल्यापासून जवळात जवळ हे कुठे होतं, आठवड्यातून कोणत्या दिवशी, आणि प्रत्यक्ष कर्करोग निघाला तर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार कुठे मिळतील.

त्या रुग्णालयाशी एका पानाचा लेखी समझोता करा. आपण पाठवलेल्या स्त्रीला किती दिवसांत वेळ मिळेल, खर्च किती, कोणत्या व्यक्तीला फोन करायचा, कागदपत्रं कोणती लागतील. "पाठवा, बघू" एवढ्या तोंडी आश्वासनावर अवलंबून राहू नका. ज्यांनी शब्द दिलेला असतो त्यांची बदली होते आणि आपल्याकडची बाई खिडकीपाशी उभी राहते.

आणि हे दार सापडलंच नाही तर? मग तपासणी शिबिर घेऊ नका. माहिती देण्याचं, प्रश्नांना उत्तरं देण्याचं काम करा. तेही मोलाचं आहे आणि त्यातून कुणाचं नुकसान होत नाही.

दुसरं: विषय एकच घ्या

"स्त्रियांचं आरोग्य" एवढ्या मोठ्या नावाखाली निधी मागितला की देणाऱ्याला काय होणार ते कळत नाही, आणि येणारीलाही आपण कशासाठी आलो ते कळत नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषय सामूहिक कामाला सगळ्यात योग्य, असं माझं मत आहे, कारण तो रोखता येतो. २०२२ मध्ये जगभरात या कर्करोगाचे सुमारे ६ लाख ६० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे साडेतीन लाख स्त्रिया दगावल्या. याच्या मुळाशी जवळजवळ नेहमीच एचपीव्ही हा विषाणू असतो. त्याच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळेच सुमारे ७० टक्के कर्करोग होतात. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास बहुधा पंधरा-वीस वर्षांचा असतो. एवढ्या लांब वाटेवर आजाराला गाठण्याची संधी अनेकदा मिळते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये २०३० सालासाठी तीन आकडे ठरवले: ९० टक्के मुलींचं पंधराव्या वर्षापर्यंत लसीकरण, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत आणि पुन्हा पंचेचाळिशीपर्यंत खात्रीची तपासणी, आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार. पहिल्या दोन आकड्यांसाठी पैसे गोळा होतात. तिसऱ्याचं नाव फार कमी आवाहनांत दिसतं, आणि जीव वाचतो तो तिथेच.

एका तपासणीनेही किती फरक पडतो हे उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या अभ्यासाने जगाला दाखवलं. ३० ते ५९ वयोगटातल्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा त्यात समावेश होता, आणि निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीची फक्त एक फेरी झालेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. देणगीदारांसमोर बोलताना हे नक्की सांगा. मात्र हेही सांगा की दोष आढळलेल्या स्त्रियांच्या उपचाराची व्यवस्था हा त्या अभ्यासाचाच भाग होता.

लसीसाठी निधी उभारायचा असेल तर मुख्य वयोगट ९ ते १४ वर्षांच्या मुलींचा. या वयात एक किंवा दोन मात्रा पुरेशा आहेत. लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, आणि लस घेतलेलीलाही पुढे तपासणी करावीच लागते. या दोन्ही गोष्टी पालकांना पहिल्याच बैठकीत सांगा.

दुसरे विषयही आहेत, पण त्यांना वेगळी मांडणी लागते. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना असतो आणि निदान व्हायला ४ ते १२ वर्षं लागू शकतात. "पाळीत दुखायचंच" असं ऐकत ती वर्षं जातात. इथे शिबिराचा उपयोग नाही. हा आजार समजून घेणाऱ्या डॉक्टरांची यादी, दुखण्याची नोंदवही आणि त्याच वाटेवरच्या बायकांचा गट लागतो. पीसीओएसचंही, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याच्या आजाराचंही, तसंच आहे: ६ ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना ते माहीतच नसतं. अंग बाहेर येणं, खोकताना-शिंकताना लघवी सुटणं हे तर वर्षानुवर्षं सोसलं जातं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट आणि आधाराची रिंग बसवून देणारी डॉक्टर एवढ्यावर कितीतरी जणींचं जगणं सुसह्य होतं. कमी पैशांत इतकं काही देणारा दुसरा विषय मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. लक्षणं नसलेल्या स्त्रियांसाठी "अंडाशयाच्या कर्करोगाची तपासणी" म्हणून सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्तचाचणीचं शिबिर घेऊ नका. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत अशा तपासणीने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. उलट खोट्या शंकेपोटी शस्त्रक्रिया मात्र होतात. या आजारासाठी लक्षणांची माहिती पसरवणं हेच काम आहे.

तिसरं: बोलायचं काय आणि कसं

पोस्टर छापण्याआधी दहा-बारा जणींच्या दोन-तीन छोट्या बैठका घ्या आणि त्यात आपण कमी बोला. कोण काय शब्द वापरतं ते ऐका. "श्वेतप्रदर" लिहिलं तर कुणी वाचणार नाही, "अंगावरून पांढरं जाणं" लिहिलं की कळतं. "गर्भाशय" म्हटल्यावर गप्प बसणारी बाई "पिशवी" म्हटल्यावर बोलायला लागते. प्रश्नांसाठी कोऱ्या चिठ्ठ्या आणि एक डबा ठेवा, नाव लिहायचं नाही. प्रत्येकीने एक चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी. म्हणजे प्रश्न कुणाचा ते उघड होत नाही.

संदेश नेमका हवा. "काळजी घ्या", "जागरूक राहा" याने काही होत नाही. असं सांगा:

- पाळी कायमची बंद होऊन वर्ष झाल्यानंतर थेंबभरही रक्त गेलं तर डॉक्टरकडे जायचं. एकदाच गेलं, म्हणून सोडायचं नाही.
- शरीरसंबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल तर दाखवायचं.
- पाळी सात दिवसांहून जास्त चालते, तासा-दोन तासांनी पॅड भिजतो, मोठ्या गाठी जातात, तर ते "माझं असंच असतं" म्हणून सोडू नये. रक्तातलं लोह आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं.
- पोट सतत फुगलेलं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीची घाई, हे नव्याने सुरू होऊन तीन-चार आठवडे टिकलं तर अंडाशयाची तपासणी करायला डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.
- पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन त्या तपासणं) फक्त गर्भाशयमुखासाठी आहे. ती चांगली आली म्हणजे पिशवी आणि अंडाशयही ठीक, असा अर्थ होत नाही.

पांढरं जाणं हा दर वेळी आजार नसतो हेही आवर्जून सांगा. खाज, दुर्गंधी, रंग बदलणं, जळजळ असेल तर दाखवायचं. योनी स्वतःची स्वच्छता स्वतः करते, आतून धुण्याने संसर्ग वाढतो.

सगळ्यात जपून बोलायची गोष्ट म्हणजे एचपीव्ही. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, एवढंच वाक्य कानावर पडलं की पॉझिटिव्ह रिपोर्ट घरात भांडणाचं कारण होतो. म्हणून पुढची वाक्यंही त्याच दमात सांगायची: हा संसर्ग अतिशय सामान्य आहे, बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतो, बहुतेक वेळा दोनेक वर्षांत आपोआप जातो. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, त्यामुळे कधी आणि कुणाकडून आला हे सांगता येत नाही. रिपोर्टवरून कुणाच्याही वागण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. स्वयंसेविकांकडून हे बोलून घ्या, दोन-तीनदा सराव करा.

पुरुषांसाठी वेगळी छोटी बैठक ठेवा. लिहिलेला प्रत्येक कागद छापण्याआधी एका स्त्रीरोगतज्ज्ञाला आणि एका कमी शिकलेल्या बाईला वाचून दाखवा. दोघींनी होकार दिला तरच छापा. अविवाहित, विधवा, पाळी गेलेल्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या, गर्भाशयमुख असलेले ट्रान्स पुरुष, यांना "हे माझ्यासाठी नाही" असं वाटेल असं चित्र किंवा शब्द कागदावर नको.

चौथं: पैसा

आधी एका स्त्रीचा पूर्ण खर्च काढा. चाचणी आणि साहित्य, तिचं येणं-जाणं, बुडणारी मजुरी, सोबत येणाऱ्या मुलाला सांभाळायची व्यवस्था, रिपोर्ट पोचवणं. मग डॉक्टरांना विचारा की आपल्याकडच्या वयोगटात शंभरांमागे साधारण किती जणींना पुढे पाठवावं लागेल. समजा त्यांनी ८ सांगितलं आणि तुम्हाला २०० जणींची तपासणी करायची आहे. म्हणजे १६ जणी. अंदाज चुकतो, म्हणून दीडपट धरा: २४ जणींच्या कॉल्पोस्कोपीचा, बायोप्सीचा, छोट्या उपचाराचा आणि प्रवासाचा खर्च हा पहिला डबा. तो भरल्याशिवाय शिबिराची तारीख जाहीर करायची नाही. आमच्या गटात हा नियम आहे, आणि त्यापायी एकदा आम्ही शिबिर चार महिने पुढे ढकललं.

अडचण अशी की "एका स्त्रीची तपासणी करा" म्हटलं की लोक पटकन देतात, "बायोप्सीसाठी राखीव निधी" म्हटलं की हात आखडतो. म्हणून दोन्ही वेगळं मागूच नका. पूर्ण खर्चाची बेरीज करून, राखीव डबा धरून, तिला २०० ने भागा. जो आकडा येईल तो एका स्त्रीचा वाटा. देणगीदाराला सांगायचं: "या रकमेत एका स्त्रीची तपासणी होते, आणि काही निघालं तर तिला शेवटपर्यंत सोबत मिळते." हे खरं आहे आणि समजायला सोपं आहे.

मागायची सुरुवात घरातून. समितीतल्या प्रत्येकाने आधी आपली देणगी द्यावी, रक्कम कितीही असो. मग चाळीस-पन्नास ओळखीच्या नावांची यादी करून ती वाटून घ्या, प्रत्येकाकडे पाच. फोन करा किंवा भेटा. सगळ्यांना एकच संदेश पाठवून दिला की त्याला उत्तर येत नाही. एकदाच मोठी रक्कम देणाऱ्यापेक्षा दरमहा थोडं देणारे वीस जण जास्त उपयोगाचे, कारण रिपोर्टनंतरचं काम महिनोन् महिने चालतं.

चालण्याचा कार्यक्रम, गाण्यांची संध्याकाळ, हातच्या वस्तूंची विक्री, हे लोकांना एकत्र आणायला चांगलं. पण आधी खर्चाचा कागद लिहा. येणाऱ्या पैशाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त पैसा मंडप, ध्वनिक्षेपक आणि टी-शर्टवर जाणार असेल तर मी तो कार्यक्रम करणार नाही. सोडतीची तिकिटं विकायची असतील तर आधी परवानगीचे नियम पाहा, बऱ्याच ठिकाणी त्यावर बंधनं असतात. ऑनलाइन निधी उभारणार असाल तर मंच किती टक्के कापून घेतो आणि पैसे कुणाच्या खात्यात जातात हे आवाहनातच लिहा.

पैसा कधीही एखाद्या व्यक्तीच्या खात्यात घेऊ नका. स्वतःची नोंदणीकृत संस्था नसेल तर विश्वासातल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत घ्या. दोन सह्या, क्रमांक असलेल्या पावत्या, रोख रक्कम दोघींनी मोजून दुसऱ्या दिवशी बँकेत. कर-सवलत आणि परदेशातून येणारी देणगी यांचे नियम हिशेबतपासनिसाला विचारल्याशिवाय कुणाला शब्द देऊ नका. पैसे उरले तर ते कुठे जातील हेही पहिल्याच आवाहनात लिहा.

कंपनी किंवा प्रयोगशाळा मदत करायला आली तर तीन अटी लेखी मान्य करून घ्या: शिबिरात विक्री नाही, स्त्रियांची नावं आणि फोन नंबर मिळणार नाहीत, आणि पुढच्या उपचारासाठी त्यांच्याचकडे पाठवण्याची सक्ती नाही. जी फुकट चाचणी या अटींवर अडते, तिची किंमत पुढे बायकाच मोजतात.

कधी कधी एकाच स्त्रीच्या शस्त्रक्रियेसाठी निधी मागायची वेळ येते. पैसे थेट रुग्णालयाला द्या. आणि शस्त्रक्रिया पिशवी काढण्याची असेल, कर्करोगाचं निदान झालेलं नसेल, जिवावरचा प्रसंग नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं लेखी मत घेण्याची अट घाला. जास्त रक्तस्राव, साध्या गाठी यांवर बऱ्याचदा औषधं किंवा लहान उपाय असतात. पाळी जाण्याच्या वयाआधी पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली तर पाळी एकाएकी कायमची बंद होते, हाडं ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. आपल्या देणगीतून कुणाचं गरज नसलेलं ऑपरेशन होता कामा नये.

पाचवं: शिबिराचा दिवस

आठवडाभर आधी सूचना द्या: पाळी चालू असेल तर या तपासणीसाठी नंतरची तारीख घ्या, आधीचे दोन दिवस शरीरसंबंध टाळा आणि योनीत औषध घालू नका. गरोदर असाल तर आधी सांगा.

एचपीव्ही चाचणीसाठी स्त्री पडद्याआड स्वतःच नमुना घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने याला मान्यता दिली आहे. आतून तपासणीच्या लाजेने न येणाऱ्या बायका यामुळे येतात. नमुना कसा घ्यायचा हे चित्रावर दाखवा. सर्वसाधारणपणे तपासणी तिशीपासून, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी पंचविशीपासून. सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची पद्धत स्वस्त आहे, निकाल तिथल्या तिथे कळतो, पण पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये पाहायचा भाग आत सरकलेला असतो, म्हणून त्यांच्यासाठी ती भरवशाची नाही.

खोलीला आतून कडी, खिडकीला पडदा, जवळ स्वच्छतागृह. तपासणारी शक्यतो स्त्री, आणि शेजारी अजून एक जण. "थांबा" म्हटलं की लगेच थांबायचं, हे आधी तोंडी सांगायचं. फोटो तपासणीच्या आणि प्रतीक्षेच्या जागेत अजिबात नाहीत. देणगीदारांना हवेत म्हणूनही नाहीत.

नोंदणीत दोन फोन नंबर घ्या, आणि एक प्रश्न नक्की विचारा: "फोन दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं?" काही जणी म्हणतात काहीच नको. ते लिहून ठेवा आणि पाळा.

सहावं: रिपोर्टनंतरचे महिने

प्रत्येक पॉझिटिव्ह रिपोर्टसाठी एक सोबतीण ठरवा. एका सोबतिणीकडे पाचहून जास्त जणी नकोत. रिपोर्ट समोरासमोर बसून द्यायचा, कधीही ग्रुपवर नाही, नातेवाइकाच्या हाती नाही. वहीत नावाऐवजी क्रमांक, आणि नावांची यादी वेगळी, कुलपात. क्रमांकासमोर पाच रकाने: भेट झाली, वेळ घेतली, कॉल्पोस्कोपी झाली, उपचार झाला, वर्षाने पुन्हा तपासणी झाली. हा शेवटचा रकाना विसरला जातो. उपचारानंतर साधारण १२ महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही चाचणी हवी. ज्यांचा रिपोर्ट चांगला आला त्यांनाही छोटं कार्ड द्या, पुढची तपासणी कधी ते लिहून. एचपीव्ही चाचणी चांगली आली असेल तर सर्वसाधारणपणे पाच ते दहा वर्षांनी.

काही जणी येणार नाहीत. घरी लहान बाळ असतं, कामावरून रजा मिळत नाही, भीती वाटते. तीनदा वेगवेगळ्या वेळी संपर्क करा, मग सोबत जाऊन भेटा, गाडीची सोय करा. तरीही नाही म्हणाली तर तो तिचा निर्णय. रागावू नका, दार उघडं आहे एवढं सांगून या.

तारखा निवडायच्या असतील तर जानेवारी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा, मार्च एंडोमेट्रिओसिसचा, ८ मे अंडाशयाच्या कर्करोगाचा, २८ मे मासिक पाळीच्या स्वच्छतेचा, सप्टेंबर स्त्रीरोग-कर्करोगांचा आणि पीसीओएसचा, १७ नोव्हेंबर गर्भाशयमुखाच्या कर्करोग निर्मूलनाचा. निधीचं काम त्याच्या किमान तीन-चार महिने आधी सुरू व्हायला हवं.

देणगीदारांना हिशेब दोनदा पाठवा: शिबिरानंतर महिन्याभरात एकदा आणि वर्ष झाल्यावर एकदा. त्यात किती जमले, किती खर्च झाले, किती जणींची तपासणी झाली, किती जणींना पुढे पाठवलं, त्यांपैकी किती जणींचा उपचार पूर्ण झाला, हे आकडे द्या. कुणाची ओळख पटेल अशी गोष्ट सांगू नका, आकडा छोटा असेल तर आणखी जपा. आणि ज्या दोघी-तिघींपर्यंत अजून पोचता आलं नाही, त्यांचाही आकडा लिहा, राखीव डब्यात त्यांच्यासाठी किती पैसे शिल्लक आहेत त्यासकट.